घरी नॅस घ्यायचाय, फोटोंचा बॅकअप आणि जुनी नाटकं टीव्हीवर... कुठला घेऊ?

घुमटवाला
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा डिस्कांचा डबा, तो घ्यायचाय. आम्ही राहतो गोव्यात साखळीजवळ, जुनं चिऱ्याचं घर. बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं करायचे, त्या नाटकांच्या मिनीडीव्ही कॅसेटी तीसेक होत्या त्या आता म्हापशाच्या एका स्टुडिओतून फाइलींत उतरवून घेतल्यात. एका तासाला १३ जीबी होते म्हणे, म्हणजे चार तासांचं संगीत नाटक धरलं तर एकच पन्नासच्या वर गेलं. वर घरातल्या चार फोनांचे फोटो, बायकोच्या शिकवणीच्या नोट्स, घराचे कागद स्कॅन केलेले. सगळं मिळून दीड टीबीच्या आसपास होईल आणि ते तीन पोर्टेबल डिस्कांवर पसरलंय, कुठल्या डिस्कवर काय ते देवाक ठावूक.

पाहिजे काय तर फोनचे फोटो आपोआप एका जागी यावेत, बाबांना टीव्हीवर रिमोटने नाटक लावता यावं (बाबांचं वय ७४, जास्त बटणं नकोत), आणि पुण्याला बहीण आहे तिलाही बघता आलं तर उत्तम. बजेट ३५-४० हजार, थोडं पुढेमागे चालेल. दोन डिस्कवाला घेऊ की चार? सिनॉलॉजी, क्यूनॅप या कंपन्यांचा की आणखी काही? कॉम्प्युटर जेमतेम येतो मला, लिनक्स वगैरे नाही.

रातांबा
आधी एक विचारतो, ती नाटकं टीव्हीवर लागतात का आत्ता? पेनड्राइव्हवर घालून बघ. माझ्या मते नाही लागणार, कारण स्टुडिओवाल्याने दिलेली कच्ची डीव्ही फाइल असणार आणि ती बहुतेक टीव्हींना कळतच नाही. मग लोक काय करतात तर महागातला नॅस घेतात, तो चालता चालता फाइल बदलून टीव्हीला देतो, त्यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि त्यासाठी दमदार प्रोसेसर लागतो. तू उलटं कर. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक नाटकाची एच२६४ एमपी४ कॉपी एकदाच काढून ठेव. डीइंटरलेस चालू कर नाहीतर पात्र हललं की कडेला दाते दिसतात, आणि त्यात बॉब हा पर्याय लाव म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम मिळतात, हालचाल मूळ कॅसेटीसारखी राहते. चार तासांचं नाटक ६-७ जीबीत बसेल, कुठल्याही टीव्हीवर लागेल आणि नॅसला नुसती फाइल सरकवायची एवढंच काम उरेल. मूळ डीव्ही मात्र पुसू नको हां, उद्या कुणाला नीट काहीतरी करायचं झालं तर तीच लागणार.

हे केलंस की डब्याचा प्रश्न निम्मा सुटला. दोन डिस्कवाला पुरे. सिनॉलॉजीचा डीएस२२३जे स्वस्तातला, रॅम १ जीबी आणि ती वाढवता येत नाही, पण फोटोंचं त्यांचंच अ‍ॅप चालतं, फक्त चेहरे ओळखायला वेळ खातं. थोडे जास्त घालता आले तर डीएस२२४प्लस, त्यात इंटेलचा जे४१२५ आहे, रॅम २ ची ६ करता येते. त्यांचं व्हिडिओ दाखवणारं व्हिडिओ स्टेशन आता नाही, त्यांच्या डीएसएम या सिस्टिमच्या ७.२.२ मध्ये २०२४ ला काढून टाकलं, त्यामुळे टीव्हीसाठी जेलीफिन नाहीतर प्लेक्स हे तेच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर घालावं लागेल, किंवा साधा डीएलएनए सर्व्हर. बाबांसाठी डीएलएनए बरा वाटतो मला, फोल्डर उघडलं नाटक लावलं संपलं.

खाडीकाठ
मी नाही म्हणतो रे. त्या पैशात इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी येतो, ८-१६ जीबी रॅम, वर ओपनमीडियाव्हॉल्ट ही लिनक्सवरची फुकट नॅस सिस्टिम टाक, जेलीफिन टाक, फोटोंसाठी इमिच टाक, कंपनीच्या मर्जीवर राहायला नको. सिनॉलॉजीने २०२५ मध्ये काय केलं आठवतंय ना, नवीन प्लस मॉडेलांत स्वतःच्याच छापाच्या डिस्का पाहिजेत म्हणून अडून बसले, गिऱ्हाइकं ओरडली तेव्हा ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ काढून मागे आले. परत करणार नाहीत कशावरून. आमच्याकडे असाच चालतो, वीज पण कमी खातो.

रातांबा
खाडीकाठ बाब, तुझं बरोबर आहे, पण तो म्हणतोय लिनक्स येत नाही. मिनी पीसीत ३.५ इंची डिस्क बसत नाही, मग यूएसबीचा बाहेरचा डबा, त्यावर रेड (RAID, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा राहावा म्हणून डिस्का एकत्र जोडणं), मध्येच यूएसबीने दम सोडला की हा साखळीला आणि तू कारवारला ड्युटीवर. आणि २२४प्लसवर तो नियम लागू नव्हताच, तो २०२५च्या मॉडेलांपुरता होता. जुना डेस्कटॉप वापर असं पण कुणीतरी सांगेल आता, त्याला आधीच सांगतो, तो ६० वॅटने चोवीस तास चालला तर महिन्याला ४३ युनिट होतात, दोन डिस्कचा नॅस वीसेक वॅट म्हणजे १४-१५ युनिट.

माटोळी
डब्यावरून भांडा सावकाश, डिस्कांचं कुणी बोललंच नाही. पैसे डिस्कांत घाला. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त डिस्का बऱ्याचदा एसएमआर असतात, त्यात ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, थोडं थोडं लिहिताना कळत नाही पण रेड परत बांधायची वेळ आली की जीव जातो. डब्ल्यूडी कंपनीने रेड (Red, हे डिस्कचं नाव, वरच्या रेडशी संबंध नाही) नावाच्या डिस्कांतच न सांगता एसएमआर घातलं होतं, ते २०२० मध्ये उघड झालं, मोठा गोंधळ झाला, तेव्हापासून साधी रेड न बघता रेड प्लस बघायची, ती सीएमआर आहे, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी. सीगेटची आयर्नवुल्फ पण सीएमआर. दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी. तुमचा डेटा दीड टीबी, तर ४-४ टीबीच्या दोन घ्या, रेड १ मध्ये लावा, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं, वापरायला एकाच डिस्कएवढी जागा मिळते. कॉम्प्युटर ती ३.६ दाखवेल, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. दोन्ही डिस्का एकाच दुकानातून एकाच लॉटच्या नको, एक इकडून एक तिकडून घ्या.

आता आपल्याकडचं. साखळीला मे महिन्यात आणि परत ऑक्टोबरात दुपारी गडगडाट सुरू झाला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या वाड्यावर खांबावरून तांब्याची लॅन केबल ओढून इंटरनेट दिलेलं, एका दुपारी त्या केबलीतूनच झटका आला आणि राउटर, सेट टॉप बॉक्स, टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट सगळं एकत्र गेलं, पॉवरच्या बाजूने सर्ज प्रोटेक्टर होता तो तसाच शाबूत. फायबर असेल तर तो धोका पुष्कळ कमी, काचेतून वीज येत नाही. नसेल तर आधी फायबर घ्या, मग नॅस.

यूपीएस घेतल्याशिवाय नॅस लावूच नका. आणि यूपीएसला यूएसबीचा डेटा पोर्ट आहे का बघा, स्वस्त ६०० व्हीए वाल्यांना बऱ्याचदा नसतो. तो असेल तर नॅसला कळतं की लाइट गेलीय आणि बॅटरी संपत आली की तो स्वतःच नीट बंद होतो. घरी इन्व्हर्टर आहे म्हणाल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू पाहिजे, नाहीतर बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात नॅस रीस्टार्ट होतो, पावसाळ्यात दिवसातून किती वेळा ते तुम्हीच बघा.

घुमटवाला
माटोळी बाय, फायबर आहे नशिबाने. इन्व्हर्टरवरचं ते बटण आजवर बघितलंच नव्हतं, आत्ता जाऊन बघितलं तर खरंच आहे. राउटर पुढच्या खोलीत, टीव्ही मधल्या चौकीत, मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती आहेत, वायफायवर चालेल का? आणि पुण्याच्या बहिणीचं कसं करायचं? आमच्या इंटरनेटवाल्याला विचारलं तर तो म्हणे राउटरमध्ये पोर्ट उघडा, म्हणजे बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट होते.

रातांबा
चिऱ्याच्या दोन भिंतींतून ५ गीगाहर्ट्झ फारसं जाणार नाही. कॅट ६ ओढ, पाटवाशाखालून पाइपातून, बाहेरून नेत असशील तर उन्हापावसाची काळ्या कव्हरवाली घे. गंमत म्हणजे बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण तुझ्या नाटकांना ४ एमबीपीएसच्या आसपास लागतात, त्यामुळे काही अडणार नाही.

दोन_नंबर_डिस्क
पोर्ट उघडू नका!! कोण सांगतं असले सल्ले. २०२२ मध्ये डेडबोल्ट हा खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप हजारोंनी लॉक झाले, फाइली एन्क्रिप्ट आणि वर बिटकॉइन द्या म्हणून पाटी. त्याच्या आदल्या वर्षी क्यूलॉकर होता. कंपनी कुठलीही असो, नॅस थेट बाहेर दिसता कामा नये. राउटरमधलं यूपीएनपी पण बंद करा, त्याने उपकरणं स्वतःच पोर्ट उघडतात. शिवाय आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनांना सीजीनॅट असतं, म्हणजे एकच पब्लिक आयपी पुष्कळ घरांत वाटलेला, मग पोर्ट उघडून पण बाहेरून काही पोचत नाही. टेलस्केल टाका, बाहेरून घरच्या नॅसला सुरक्षित जोडणारं अ‍ॅप. नॅसवर एक, बहिणीच्या फोनवर आणि टीव्हीच्या बॉक्सवर एक, आतून वायरगार्ड नावाचं व्हीपीएनच आहे, पोर्ट काही उघडावा लागत नाही. जेलीफिन घेतलंत तर फुकटात भागेल, प्लेक्सने एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून बघायला पैसे लावलेत.

आणि रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे हे कुणीच का लिहिलं नाही? पोराने फोल्डर पुसला तर दोन्ही डिस्कांवरून एकदम पुसला जातो. चोरी झाली, पाणी शिरलं, वीज पडली, दोन्ही एकाच डब्यात आहेत. २२४प्लसवर बीटीआरएफएस ही फाइली ठेवायची पद्धत आहे, त्यात रोजचे स्नॅपशॉट लावा म्हणजे पुसलेलं परत आणता येतं. पण घराबाहेर एक कॉपी पाहिजेच. क्लाउडवर टाकायची तर हिशेब करा, दीड टीबी ५० एमबीपीएस अपलोडने पाठवायला जवळजवळ तीन दिवस सलग लागतात, पहिल्या खेपेलाच, आणि पुढे दर महिन्याचं भाडं.

खाडीकाठ
किंवा नॅसच घेऊ नको आणि दोन ४ टीबीच्या यूएसबी डिस्का घे, झालं. गंभीरपणे सांगतोय. एक टीव्हीला लावलेली, एक कपाटात. निम्म्या पैशात.

माटोळी
यूएसबीवरचं नाटक बाबांना लागेल, पण चार फोनांचे फोटो आपोआप यायला पाहिजेत ते कोण करणार, दर रविवारी केबल लावायला कोण बसणार? पहिला महिना सगळे बसतात.

पण खाडीकाठ म्हणतात ती कपाटातली डिस्क मी पण घेईन, फक्त कपाट पुण्याचं. बहीण चवथीला येते ना? एक यूएसबी डिस्क नॅसला लावून सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप अ‍ॅपने एन्क्रिप्ट करून भरायची आणि तिच्याबरोबर पाठवायची, शिगम्याला आली की ती परत आणेल आणि दुसरी नेईल. दोन डिस्का आलटून पालटून. मधल्या काळातले फोटो तेवढे क्लाउडवर ठेवा, ते थोडेच असतात. एन्क्रिप्शनचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून एक तुमच्याकडे एक तिच्याकडे, नॅसवर नव्हे. गोव्यात राहणारी डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, कॅमेऱ्याची लेन्स ठेवतो तशीच. चालू नॅसला दमटपणाचा तेवढा त्रास नाही, तो स्वतः गरम राहतो, पण बंद कपाटात कोंबू नका आणि मुंग्यांवर लक्ष ठेवा, त्यांना असल्या उबदार पेट्या फार आवडतात.

घुमटवाला
देव बरें करूं सगळ्यांचं. ठरवलं मग, २२४प्लस, ४ टीबी आयर्नवुल्फ एक आणि रेड प्लस एक, यूएसबी पोर्टवाला यूपीएस, आणि पुण्याच्या फेऱ्यांसाठी दोन पोर्टेबल. बजेटच्या बाहेर जातंय पण पोर्टेबल माझ्याकडच्याच त्या तीनातल्या दोन वापरतो, रिकाम्या झाल्या की. दोन वेगळ्या कंपनीच्या डिस्का एकत्र चालतात ना?

रातांबा
चालतात, जागा लहान डिस्कएवढी धरली जाते, तुझ्या दोन्ही ४ च्याच आहेत. पोर्टेबल जुन्या असतील तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो लावून त्यांची तब्येत बघ, रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब झालेल्या जागा दिसल्या तर पुण्याला पाठवू नको. आणि त्या रिकाम्या करायची घाई नको, नॅसवर सगळं गेलंय, उघडून बघितलंय, एक पोर्टेबल भरून झालीय, मग दुसरी पूस.

दोन_नंबर_डिस्क
नवीन डिस्का आल्या की खोकं उघडायच्या आधी सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर घालून भारतातली वॉरंटी दाखवते का बघा, ऑनलाइन बऱ्याच बाहेरून आणलेल्या विकतात आणि मग बिघडली की दुकानदार हात वर करतो. वॉरंटी दिसली तर नॅसमध्ये घालून आधी स्मार्टची (डिस्क स्वतःलाच तपासते ती) एक्स्टेंडेड टेस्ट चालवा, ४ टीबीला सात-आठ तास तरी जातात, रात्री लावून ठेवा. ती पास झाली की मगच नाटकं चढवा. एकीत जरी काही निघालं तरी परत द्यायची मुदत असेपर्यंत परत करा, बघू पुढे म्हणून ठेवू नका.