फ्यूजन प्रोटीन आणि स्तनाचा कर्करोग: आईचे चालू उपचार बदलावेत का?

विजापूर वेस:
माझ्या आईला, वय ५८, दोन महिन्यांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. बायोप्सीच्या अहवालात ‘हर-टू ३+’ (म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन फार जास्त) असे लिहिलेले असून सोलापुरातच केमोथेरपी आणि ट्रॅस्टुझुमॅब सुरू आहे. एका नातेवाइकांनी पाठवलेल्या लेखात ‘कर्करोगाची पेशी शोधून मारणारे फ्यूजन प्रोटीन’ आल्याचे वाचले. ट्रॅस्टुझुमॅब म्हणजे तेच का? नसल्यास केमो थांबवून त्याची वाट पाहावी, असे मामांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

सात रस्ता:
ताई, ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारे प्रथिन) आहे, फ्यूजन प्रोटीन नव्हे. मी जैवतंत्रज्ञान शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दोन वेगवेगळ्या प्रथिनांची जनुके जोडून एकच जनुक तयार केले आणि ते जिवाणूत किंवा पेशीत घातले, की दोन्ही गुण असलेले एकच सलग प्रथिन तयार होते. त्याला फ्यूजन प्रोटीन म्हणतात. आपल्या जॅकार्ड चादरीची नक्षी जशी विणतानाच उतरते, तसेच हे आहे. याउलट ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅनसारख्या औषधात तयार प्रतिपिंडाला केमोचे रसायन नंतर जोडतात. ते विणलेल्या कापडाला ठिगळ लावण्यासारखे आहे, अर्थात ठिगळ अतिशय उपयोगी आहे.

हर-टूच्या बाबतीत संशोधकांनी प्रतिपिंडाचा फक्त पकडणारा तुकडा घेऊन त्याला स्यूडोमोनास जिवाणूच्या विषाचा भाग जोडून पाहिला. तुकडा पेशीवरील हर-टूला चिकटतो, पेशी त्याला आत ओढून घेते आणि आत गेलेले विष प्रथिननिर्मिती बंद पाडते. कल्पना जुनी आणि देखणी आहे.

सिद्धेश्वर तलाव:
देखणी आहे खरी, पण अडचणीही सांगायला हव्यात. मी कर्करोग विभागात काम करते. जिवाणूचे विष शरीराला परके असल्यामुळे त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढचे डोस निकामी ठरू शकतात. घटसर्पाच्या जिवाणूच्या विषावर आधारलेल्या औषधांत तर आपल्या त्रिगुणी लसीमुळे ती प्रतिपिंडे बऱ्याच जणांत आधीच असतात. शिवाय यकृताला इजा होऊ शकते, आणि घट्ट गाठीच्या आतपर्यंत एवढा मोठा रेणू पोहोचणेही कठीण जाते. म्हणूनच अशा प्रथिनांना मान्यता मिळाली ती मुख्यतः रक्ताच्या व लसिकापेशींच्या कर्करोगांत. घटसर्पाच्या विषाचा भाग असलेले डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स अमेरिकेत १९९९ साली त्वचेच्या लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगासाठी, मंजूर झाले. स्तनाच्या कर्करोगात असे प्रथिन नियमित वापरात नाही.

तेव्हा वाट पाहण्यासाठी केमो मुळीच थांबवू नका. मामांना हे स्पष्ट सांगा. त्यापेक्षा ट्रॅस्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरलेल्या वेळी होतो आहे ना, हे पाहा. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याचा विचार असेलच, तर भारतातील अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या नोंदवहीत असते. ती पाहून तुमच्या डॉक्टरांशी बोला.

विजापूर वेस:
दोघांचेही आभार. चादरीचे उदाहरण मामांना लगेच पटले, कारण त्यांनी आयुष्यभर यंत्रमागावर काम केले आहे. मागचा इको कधी झाला होता, ते आता फाइलमध्ये शोधते.