'फाटणे' : आवाज, स्पीकर की कोन?

चौथी तार :
बास गिटार नव्याने शिकणाऱ्यांसाठी लहान, खिशाला झेपणाऱ्या अ‍ॅम्पची माहितीपुस्तिका मराठीत करायला घेतली आहे. फेंडर रम्बल 25, रम्बल 40, ऑरेंज क्रश बास 25, हार्टकी एचडी 25 असे 8 आणि 10 इंची स्पीकरचे कॉम्बो, म्हणजे आवाज वाढवणारा अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच डब्यात. एका वाक्यावर गाडी अडली. मूळ आशय असा : लहान अ‍ॅम्प 'क्लिप' होण्याआधीच, म्हणजे ताकद संपून सिग्नल कापला जाण्याआधीच, त्याचा स्पीकर 'फार्ट' होतो, आणि स्पीकरचा कागदी कोनच 'टॉर्न', म्हणजे चिरलेला, असेल तर दोन्हीची वाट बघावी लागत नाही. मी लिहिलं, "आवाज फाटण्याआधी स्पीकर फाटतो, आणि स्पीकर फाटलेला असेल तर आवाज आधीच फाटतो." संपादकांनी शेरा मारून परत पाठवलं : "नक्की काय फाटलंय ते ठरवा." आपल्याकडे तिन्हीला फाटणेच म्हणतात ना? वेगळे शब्द कुणाला माहीत आहेत का?

काळी पाच :
गाण्यात फाटणे आहेच. तार षड्जाच्या वर नीट लागत नसेल तर आवाज फाटतो. पातळ होऊन किंचाळीकडे गेला तर चिरकतो. वयात येताना मुलाचा बदलतो तेव्हा मात्र तो फुटतो, फाटत नाही. तुमचा 'क्लिप' मला फाटण्याजवळचा वाटतो. 'फार्ट'ला सरळ पादणे म्हणा, सगळे तेच म्हणतात.

अनुस्वार :
छापील पुस्तिकेत 'स्पीकर पादतो' लिहायचं? भरभरणे आहे की. शेगडी भरभरते, पतंग वाऱ्यावर भरभरतो. सुटा सुटा, हवा मारत येणारा आवाज.

सोल्डरगन :
शब्द नंतर ठरवा, आधी तीन दुखणी वेगळी करा. उपाय वेगळे आहेत, म्हणून शब्द वेगळे हवेत. नाहीतर वाचणारा गेनचं (आत येणारा सिग्नल वाढवण्याचं) बटण कमी करून सुटणारी गोष्ट दुरुस्तीला नेईल.

एक. सिग्नल कापला जाणे. लहरीची उंची अ‍ॅम्पच्या आतल्या व्होल्टेजच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे माथा सपाट होतो. हे पुढच्या टप्प्यातही होतं आणि अगदी पहिल्या, म्हणजे गेनच्या टप्प्यातही. बास अ‍ॅक्टिव्ह (आतच बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली) असेल तर त्यातली 9 व्होल्टची बॅटरी आधी बघा. मीटरवर 7 च्या खाली आली असेल तर अ‍ॅम्पला दोष देऊ नका, बॅटरी बदला. केबल बासला लावलेली राहिली की बॅटरी उतरत राहते, वाजवा नाहीतर नका वाजवू. बॅटरी चांगली असूनही कापलं जात असेल तर गेन खाली, मास्टर (बाहेर पडणाऱ्या आवाजाचं बटण) वर. अ‍ॅम्पवर अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह असे दोन जॅक किंवा खटका असेल तर तो वापरा.

दोन. कोनचा प्रवास संपणे. हाच तुमचा 'फार्ट'. बंद डब्यात आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की कोनला चौपट पुढेमागे हलावं लागतं. साध्या गिटारची जाडी तार 82 हर्ट्झची, बासची 41 ची. 8 इंची कोनकडे तेवढी जागाच नसते. त्यात लोक बासचं बटण पूर्ण फिरवतात. 6 डेसिबल वाढवले म्हणजे खालच्या सुरांना चौपट वीज मागितली. अ‍ॅम्पने दिली तरी कोन झेपवणार नाही. उपाय उलटा आहे : बासचं बटण मधोमध किंवा थोडं खाली, लो-मिड (खालच्या-मधल्या सुरांचं बटण) थोडा वर. आवाज जाड वाटतो आणि भरभर थांबते.

तीन. खरोखरचं फाटणं : कागदाला चीर, काठाची घडी सुटलेली, किंवा कोन हलवणारी तारेची कॉइल घासणे.

ओळखायचं कसं? आवाज अगदी हळू करून वाजवा. पहिली दोन दुखणी बहुधा गप्प होतात, तिसरं हळू आवाजातही बोलतं. मग हेडफोन लावा. हेडफोनमध्येही कापलेलं ऐकू आलं तर दोष स्पीकरच्या आधी आहे. हेडफोन स्वच्छ असेल तर अ‍ॅम्प बंद करा, जाळी काढा आणि मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन सारख्या दाबाने थोडासा आत ढकला. वाळूवर कागद ओढल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासते आहे. वाकडं ढकललं तर चांगली कॉइलही घासते, म्हणून घाई करू नका.

आणि या सगळ्याच्या आधी जाळीचे स्क्रू आवळा. अर्धे 'फाटलेले' स्पीकर स्क्रूने बरे होतात.

टॉप-बेस :
मांडवाच्या धंद्यात हे शब्द आधीच ठरलेले आहेत. आवाज फाटतो. कोन फाटतो. कॉइल घासते, कॉइल जळते. 'स्पीकर फाटला' म्हटलं की ऐकणारा कोनच समजतो आणि रिकोनिंगचा, म्हणजे कोन-कॉइल नवे बसवण्याचा, भाव सांगतो. 'स्पीकर फाटतोय' म्हटलं की चालवणारा हात फेडरकडे, म्हणजे मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या दांडीकडे, नेतो. एक भूतकाळ, एक चालू काळ. व्याकरणच काम करतंय, नवा शब्द कशाला?

चौथी तार :
हे फार आवडलं. पण छापील तक्त्यात 'फाटला' आणि 'फाटतो' समोरासमोर ठेवले तर वाचणाऱ्याला टंकलेखनाची चूक वाटेल.

सोल्डरगन :
चीर लहान असेल तर घरीच. टिश्यू पेपरचा एकच पदर, पांढरा गम थोड्या पाण्यात पातळ केलेला, चिरेच्या पुढून आणि मागून, रात्रभर वाळू द्या. काठाच्या लवचीक घडीवर हा गम लावू नका. तिथे तो कडक होतो आणि कोन एका बाजूला अडकून कॉइल घासायला लागते. जळलेल्या कॉइलची परीक्षा मीटरवर : तारा सोडवून मोजा. 8 ओहमचा स्पीकर साडेपाच ते सात दाखवतो, 4 चा साधारण तीन ते चार. काहीच दाखवत नसेल तर गेली.

अनुस्वार :
अवांतर, पण महत्त्वाचं. पुस्तिकेत 'बास अ‍ॅम्प' लिहिणार आहात? मराठीत 'बास' म्हणजे पुरे. "बास गिटार" हे वाचताना "बास, गिटार!" असं वाटतं. इंग्रजी उच्चार बेस आहे, निदान तो तरी घ्या. खरं तर खर्ज गिटार म्हणा, आणि अ‍ॅम्पला विवर्धक. 'अ‍ॅप' आणि 'अ‍ॅम्प' यांचा घोळही मिटेल.

टॉप-बेस :
बेस म्हणू नका! आमच्याकडे बेस म्हणजे पेटी. "चार टॉप, चार बेस" म्हणजे वरचे चार डबे आणि खालचे चार, 18 इंचीवाले. दुकानात 'बेस अ‍ॅम्प' मागितला तर तो बेस पेट्या चालवणारा रॅकमधला पॉवर अ‍ॅम्प दाखवेल. त्याला बास गिटार थेट जोडून बघा, मुंगीएवढा आवाज येईल.

सोल्डरगन :
हे पुस्तिकेत चौकटीत टाका. पॉवर अ‍ॅम्प पूर्ण भरायला साधारण 0.775 ते 1.4 व्होल्ट लागतात, पॅसिव्ह बास त्याच्या बरीच खाली देते. शिवाय पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट 10-20 किलोओहमचा, त्याचा भार पिकअपवर (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागावर) पडून वरची धार मरते. बास अ‍ॅम्पचा इनपुट 1 मेगाओहमच्या घरात असतो. मध्ये सिग्नल आधी वाढवणारा प्रीअ‍ॅम्प किंवा तो पुढच्या यंत्राला जुळवून देणारी डीआय पेटी लागते. एका 'बेस' शब्दापायी चुकीचं यंत्र घरी येऊ शकतं.

काळी पाच :
खर्ज हा उत्तम शब्द. बाजाच्या पेटीत (हार्मोनियममध्ये) खर्ज आणि नर सुरांच्या पट्ट्या असतात, तंबोऱ्यात खर्जाची तार असते. षड्जाचाच खरज झाला, 'ष'चा 'ख' होऊन. पण अर्थाचा एक खिळा आहे : खर्ज गाणाऱ्याच्या सा वरून ठरतो. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) पुरुषी सा 138.6 हर्ट्झचा धरला तर खर्ज 69.3. बासची उघडी ई 41.2, म्हणजे त्याच्याही खाली, अतिमंद्राच्या कोमल गंधारावर. खर्ज गिटार म्हणणं हे तिला कमी लेखणं होईल.

अनुस्वार :
मग मंद्र गिटार. आणि लोकांनी गंमत म्हणून काढलेली 'बसका आवाज'वरून 'बास' ही व्युत्पत्ती इथे कुणी आणू नये. बसणे आपल्या उपविश् पासून, बैसणे वरून आलंय. त्यांचा बास लॅटिन बासुस, म्हणजे ठेंगणा, बुटका. योगायोग आहे.

काळी पाच :
कुणी आणलीच नव्हती, तुम्हीच आणलीत.

चौथी तार :
पुस्तिकेत इतिहासाचं पान आहे, त्यासाठी : लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बास काढली आणि 1952 मध्ये तिच्यासाठी बासमन अ‍ॅम्प. पुढे गिटारवाल्यांनीच तो बासमन उचलून धरला. 'अँपेग' हे नाव कुठून आलं माहीत आहे का? उभ्या बासच्या तळाला जमिनीवर टेकणारा खुंटा असतो, त्यात एव्हरेट हल यांनी पिकअप बसवला. अँप्लिफाइड पेग, त्याचं अँपेग. म्हणजे मराठीत अँपेग = वर्धखुंटा.

टॉप-बेस :
वर्धखुंटा 300 वॉट, आठ स्पीकर गुणिले दहा इंची. घेतला.

अनुस्वार :
हसा. पण बघा, त्यांनी आपल्या भाषेतले दोन साधे शब्द जोडून नाव केलं. आपण 'रिकोनिंग' म्हणत बसतो.

टॉप-बेस :
रिकोनिंगला पुनःकोनीकरण म्हटलं तर गल्ल्यावर बसलेला माणूस काय देईल? भूमितीची वही.

सोल्डरगन :
खरेदीच्या पानावर वॉटचा शब्दही सांभाळा. स्वस्त डब्यांवर पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) फुगवलेले आकडे छापलेले असतात, त्यांना बासच्या दृष्टीने काही अर्थ नाही. आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, आकडा बघायचा. वॉट दुप्पट झाले की फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील एवढे. 25 चे 40 झाले म्हणून ढोलकी-ड्रमसमोर टिकाव लागत नाही. 8 चा स्पीकर 10 चा झाला त्याचा फरक जास्त. रम्बल 40 मध्ये एक्सएलआर बाहेर काढता येतो, म्हणजे सूर थेट मिक्सरला देता येतो. 25 मध्ये ती सोय नाही. तालमीसाठी एकच घ्यायचा तर मी याच कारणासाठी 40 कडे बोट दाखवेन. आणि काँटूरचं बटण एकट्याने वाजवताना गोड लागतं, पण ते मधले सूर खातं. बँडमध्ये बास गायब होते आणि वाजवणारा मास्टर वाढवतो. मग पुन्हा भरभर.

अनुस्वार :
'हेडरूम'ला, म्हणजे आवाज कापला जाण्याआधी शिल्लक राहणाऱ्या जागेला, काय शब्द घेतलात? पहिल्या खर्ड्यात 'डोक्यावरची जागा' दिसली.

चौथी तार :
ती काढली. सध्या 'वाव' आहे.

टॉप-बेस :
दम. "या अ‍ॅम्पला दम नाही." सगळ्यांना कळतं.

काळी पाच :
दम म्हणजे ताकद झाली. हेडरूम म्हणजे ताकद वापरून उरलेली. गवई बोलताना जितका वर जातो त्यापेक्षा त्याच्याकडे चार सूर जास्त असतात, ते. 'उरलेला दम' म्हणा हवं तर.

सोल्डरगन :
अजून एक, लहान स्पीकरबद्दल. 8 इंची डब्यातून 41 हर्ट्झ नीट येतच नाही. येतात ते 82 आणि 123 चे उपसूर, त्यावरून कान खालचा सूर जुळवून घेतो. म्हणून नवी तार लावली की लहान अ‍ॅम्पसुद्धा 'खोल' वाटू शकतो : उपसूर वाढलेले असतात.

काळी पाच :
तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो ना, त्याच घरातली गोष्ट. तिथे खालचा सूर वरचा ऐकवतो, इथे वरचे खालचा.

चौथी तार :
मंडळी, संपादक उद्या पाने मागतायत. क्लिपला 'आवाज कापला जाणे', फार्टला 'कोन भरभरणे', टॉर्नला 'कोन फाटणे', असं लिहू का? की टॉप-बेस म्हणतात तसं सगळीकडे फाटणेच ठेवून काळ बदलू?

अनुस्वार :
'कापला जाणे' कर्मणी आहे, जड वाटतं. 'आवाज छाटणे'?

टॉप-बेस :
छाटणे म्हणजे झाडं. आवाज फाटतोच.

सोल्डरगन :
'हम' (वाजवत नसतानाही येणारी घूं) राहिला. त्याला 'गुणगुण' लिहू नका, गुणगुण माणसाची असते. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर बहुधा पिकअपचा आहे, जागा बदला, ट्यूबलाइटपासून लांब बसा. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकची किंवा ब्रिजची (तारा टेकतात त्या पट्टीची) अर्थची तार बहुधा तुटलेली असते. हम कमी करण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात, तो छापू नका. अ‍ॅम्पची बॉडी आणि तारा दोन्ही हातात असतात, जीव जाईल. विजेचा हम 50 हर्ट्झचा असतो, जाड्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी 49 चा. म्हणजे हम त्याच्यापेक्षा अर्धस्वराच्या एक तृतीयांशाएवढा चढा.

काळी पाच :
काळी एकचा सा धरला तर जी म्हणजे तीव्र मध्यम, यमनचा सूर. थोडा चढा, पण तीव्रच.

टॉप-बेस :
म्हणजे काळी एकमध्ये यमन असेल तर अर्थिंग बघायची गरज नाही?

काळी पाच :
भूप असेल तर बघा, त्यात मध्यमच नसतो.