'इलेक्ट्रोफोरेसिस'ला माहितीपत्रकात काय लिहावं?

प्रश्न: पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर वाटायला आम्ही नाशिकहून सिकलसेलचं (रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचं) माहितीपत्रक तयार करतोय. सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची प्राथमिक चाचणी) पॉझिटिव्ह आली की पुढच्या रिपोर्टवर 'हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस: एएस पॅटर्न' असं येतं. मराठीत 'विद्युत्कणसंचलन' चालेल का?

प्रतिसाद: पाठ्यपुस्तकात चालेल, पाड्यावर नाही. शिवाय हा शब्द फक्त 'वीज लावली की कण सरकतात' एवढंच सांगतो. तपासणीचा गाभा सरकण्यात नाही, वेगवेगळं होण्यात आहे.

प्रतिसाद: ताई, मी लॅबमध्ये आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वेगळं होण्याची कारणं दोन: आकार आणि प्रभार. आधी याच पद्धतीने डीएनएचे तुकडे वेगळे करतात ते बघा. डीएनएच्या लांबीच्या प्रमाणात त्यावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे नुसत्या प्रभाराने तुकडे वेगळे होत नाहीत. ते होतात अॅगारोज नावाच्या जेलच्या जाळीमुळे: छोटे तुकडे धनाग्राकडे (विजेच्या धन टोकाकडे) भराभर जातात, मोठे मागे अडकतात. हिमोग्लोबिनचं तसं नाही. ए (नेहमीचं हिमोग्लोबिन) आणि एस (सिकलसेलचं) यांचा आकार जवळपास सारखाच. फरक एवढाच, की एसच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलिनवर प्रभार नाही, म्हणून ८.६ सामूच्या (पीएचच्या) बफर द्रावणात एस धनाग्राकडे एपेक्षा हळू जातो आणि त्याचा पट्टा मागे राहतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये प्रभारातला हाच फरक पकडला आणि सिकलसेल हा रेणूचा आजार आहे असं मांडलं. एका अमिनो आम्लाचा फरक पट्ट्याच्या जागेवरून डोळ्यांना दिसतो, ही मला आजही या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तेव्हा 'पॅटर्न'ला सरळ 'पट्टे' म्हणा. एएस म्हणजे ए आणि एस दोन्ही पट्टे. एसएस म्हणजे एसचा ठळक पट्टा, एचा नाही. तपासणीचं नाव इंग्रजीच ठेवा, रिपोर्टवर तेच छापलेलं असतं. खाली लिहा, 'विजेच्या साहाय्याने रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहण्याची तपासणी'.

प्रश्नकर्ती: धन्यवाद दादा. मग एएसला 'वाहक' लिहू ना?

प्रतिसाद: लिहा, पण एकटा शब्द सोडू नका. 'वाहक' म्हटलं की लोकांना वाटतं, याच्यापासून आजार पसरतो. मग घरातली ताटवाटीसुद्धा वेगळी होते. त्याच ओळीत लिहा: 'वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. तिच्यापासून लागण होत नाही. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेल आजार होण्याची शक्यता चारात एक असते.'