शब्दचर्चा: कॅमेऱ्याकडे बघून बोलतो ते ‘स्वगत’ का?

(बडोद्यातल्या मंडळींच्या गप्पा; बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी शहरातल्या त्यांच्या भागांची नावं.)

रावपुरा : मंडळी एक शब्द हवाय. परवा जेवणं झाल्यावर ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ ही अमेरिकन राजकारणावरची मालिका लावली होती, त्यातला मुख्य पुढारी अंडरवूड चार माणसांत बसलेला असताना मधेच मान वळवून थेट आपल्याकडे बघून बोलायला लागतो, तर आजीनी विचारलं हा कोणाशी बोलतोय रे. मी म्हटलं स्वगत आहे ते. ती म्हणे स्वगतात माणूस स्वतःशी बोलतो, हा तर मला सांगतोय. तिनी आयुष्यभर नाटकं पाहिलीयेत आणि विचार केला तर मुद्दा बरोबरच आहे. चौथी भिंत, म्हणजे पात्रं आणि प्रेक्षक यांच्यामधली मानलेली भिंत, तोडली असं काही जण लिहितात पण ते वाचून आजीला काय कळणार, भिंत कुठली आणि तोडली कुणी. आपल्याकडे याला काय शब्द आहे?

दांडिया बाजार : जनांतिक. छापील नाटकांत कंसात असायचं की.

वाडी : नाही हो दादा, जनांतिक म्हणजे रंगमंचावरच्याच दोघांनी बाकीच्यांना चुकवून बोलायचं. त्यासाठी त्रिपताका हात धरायचा, म्हणजे अनामिका दुमडून बाकीची बोटं सरळ, आणि आपण समजून घ्यायचं की शेजारी उभ्या असलेल्याला हे ऐकू येत नाहीये. मी संस्कृत घेऊन शिकले म्हणून हे डोक्यात पक्कं आहे, जुन्या नाट्यशास्त्रात हे प्रकार ऐकणारा कोण यावरूनच पाडलेत. सगळ्यांनी ऐकायचं ते प्रकाश, कुणीच ऐकायचं नाही ते स्वगत, वळून एकाला गुपित सांगितलं तर अपवारित, समोर नसलेल्याशी बोललं तर आकाशभाषित. ‘मुद्राराक्षस’ घ्या, ते तर सरळसरळ राजकारणाचंच नाटक, मोहोर उमटवलेल्या एका खोट्या पत्रावर सगळा डाव उभा. त्यात पहिल्याच अंकात चाणक्य लांबलचक स्वगतात बेत मांडतो आणि आपल्याला सगळं कळतं, पण त्याच्या लेखी आपण तिथे नसतोच.

रावपुरा : ताई हेच हवं होतं. चाणक्याचं आपण चोरून ऐकतो, अंडरवूड आपल्याला बोलावून सांगतो, म्हणजे ऐकणारा बदलला, मग शब्दही बदलायला हवा ना.

मांडवी : आपल्या तमाशातला सोंगाड्या बोलतोच की प्रेक्षकांशी.

रावपुरा : बोलतो, पण उघड्यावर, समोरच्या पात्रानी ऐकलं तरी बिघडत नाही. इथे बाकीच्यांना पत्ता लागता कामा नये हीच तर सगळी गंमत आहे.

पुढचं, मालिका पाहिली नसेल तर वाचू नका. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात तो जवळजवळ शेवटपर्यंत आपल्याकडे बघतच नाही. केवढं काय काय घडतं, आणि आपण वाट बघत बसतो, चक्क रुसायला होतं, आणि अगदी शेवटी आरशातून बघून विचारतो की तुम्हाला वाटलं का मी तुम्हाला विसरलो. म्हणजे ही नुसती माहिती द्यायची युक्ती नाही, नातं आहे ते. आणि पाचव्या सीझनमधे त्याची बायको क्लेअर, जी इतकी वर्षं आपल्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती एकदम वळून सांगते की तुम्ही आहात हे मला नेहमीच माहीत होतं. मला तेव्हा काटा आला होता. कोण प्रेक्षकाशी बोलू शकतं तोच सत्तेवर, हे असं दाखवलंय, खुर्चीचा एक शॉट न घेता. ‘स्वगत’ म्हटलं की यातलं काहीच पकडीत येत नाही.

दांडिया बाजार : मान्य. थोडं अवांतर, पहिल्या सीझनमधे अंडरवूड व्हिप असतो, म्हणजे पक्षाच्या सभासदांना मतदानाला हाकणारा, आणि ही मालिका जिच्यावरून घेतली त्या 1990 च्या त्याच नावाच्या ब्रिटिश मालिकेतला नायक अर्कहार्टही चीफ व्हिपच. मराठीत प्रतोद, हिंदीत सचेतक, आणि इथे गुजराती पेपरात दंडक. आमच्या घरी पेपर गुजराती आणि बोलणं मराठी, त्यामुळे ‘पक्षाचा दंडक’ म्हटलं की वडिलांना नियम वाटतो आणि मुलाला माणूस.

वाडी : प्रतोद म्हणजे मुळात जनावर हाकायचा चाबूक, व्हिपचंच रूप. सचेतक फार सोज्वळ वाटतो, कामाशी न जुळणारा. बाकी अशा शब्दांचा कोश आपल्याच गावात झालाय, सयाजीरावांनी करवून घेतलेला ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’, 1931 सालचा, कारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द. त्यामुळे बडोद्यात बसून असल्या शब्दांवर वेळ घालवला तर मला तो वाया वाटत नाही.

रावपुरा : आणि प्रतोदाचं कामच मुळी कुणाचं काय लपवलेलं आहे ते ठाऊक असणं. त्याच्याच तोंडून आपल्याला गुपितं मिळतात, म्हणून ही रीत त्या पात्राला एवढी शोभते, पंतप्रधानानी किंवा साध्या आमदारानी असं बोललेलं तितकं पटलं नसतं.

मी आता ‘कानगोष्ट’ सुचवतो. दोघांतच असते, तिसऱ्याला चुकवून असते, सांगणारा ऐकणाऱ्याला निवडतो, आणि ऐकून घेतलं की आपणही त्यात सामील होतो.

मांडवी : कानगोष्टी म्हटलं की मला शाळेतल्या मुली आठवतात, रांगेत बसून एकमेकींच्या कानात वाक्य सांगायचा तो खेळ. एवढ्या काळ्या मालिकेला हलका नाही का पडत?

वाडी : पडत नाही. दरबारातही कान भरतात, कानाला लागतात, कान फुंकतात. राजकारण आणि कान यांचं मराठीत जुनं नातं आहे. मला शब्द आवडला, फक्त लिहिताना एकवचनात ठेवा, अनेकवचनात गप्पांचा वास येतो.

रावपुरा : एकवचनच. म्हणजे असं: ‘दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला कानगोष्ट मुद्दाम रोखून धरलीये’, किंवा ‘क्लेअरची पहिली कानगोष्ट पाचव्या सीझनमधे’. दोन्ही मोठ्यांनी वाचून पाहिली, अडखळायला होत नाही.

दांडिया बाजार : मग ‘द वेस्ट विंग’ या दुसऱ्या अमेरिकन राजकीय मालिकेत कॉरिडॉरमधून भराभर चालत बोलतात, न हलणारा स्टेडीकॅम कॅमेरा अंगावर घेऊन माणूस पुढे पुढे जातो, त्याला काय? खलबत म्हणता येणार नाही, खलबत बंद दाराआड बसून होतं, हे बरोबर उलट.

वाडी : चालताबोलता तर अजिबात नको, त्याचा अर्थच वेगळा. त्याला सध्या वॉक अँड टॉकच राहू दे दादा.