शिरगणती म्हणजे मतमोजणी नव्हे

२०२१च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट ४३.५, म्हणून आयर्लंडचं एकीकरण (ब्रिटनकडे असलेला हा भाग दक्षिणेच्या आयर्लंड प्रजासत्ताकात जाणं) आता ठरलेलंच, हा तुमचा हिशेब मला घाईचा वाटतो. कॅथलिक घरात जन्मलेला प्रत्येक जण डब्लिनच्याच, म्हणजे प्रजासत्ताकाच्याच, बाजूने मत टाकेल असं थोडंच आहे! बेलफास्टमध्ये डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत. सीमेपलीकडे बऱ्याच जणांना दर खेपेला पन्नासएक युरो मोजावे लागतात. मतपेटीपाशी हे आठवतंच.

शिवाय जनमत कधी घ्यायचं हे लंडनचा मंत्री ठरवणार. बहुमत एकीकरणाकडे झुकलंय असं त्याला वाटलं तर ते घेणं त्याला बंधनकारक आहे, पण 'वाटलं' ते कशावरून, याचा निकष १९९८च्या 'गुड फ्रायडे' शांतता करारात नाही. (मुद्दामच मोघम ठेवलंय, दुसरं काय!) एकदा हरलं की पुढची ७ वर्षं गप्प. दक्षिणेचा होकार लागतो तो वेगळाच.

१९७३ साली असं मतदान झालंही होतं. एकीकरण हवं असलेल्या राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला, ९८.९ टक्के मतं ब्रिटनच्या पारड्यात पडली आणि तेव्हा दोन्ही गटांत चाललेला रक्तपात काही थांबला नाही. ब्रेक्झिटच्या ५२-४८ सारखा काठावरचा निकाल लागला तर शँकिल रोडवर, बेलफास्टच्या ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंट वस्तीत, काय होईल, याची मला जास्त धास्ती वाटते.