अनुभव धागा: कुणाच्या धंद्यावर कुणाचं घर चाललं?

परवा लोकलमध्ये वाद झाला. एक काका म्हणाले, "धंदा म्हणजे आपला गल्ला भरणं, बाकी सगळ्या गप्पा." मला पटलं नाही. तुमच्या घरातलं, गल्लीतलं लिहा. भाषणं नकोत. आधी माझं.

आई लिज्जत पापडची 'बहीण', म्हणजे सभासद होती. तिथे लाटणारीच मालकीण. सकाळी शाखेतून पीठ आणायचं, घरी लाटायचं, उपड्या टोपलीवर वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे आणि वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची. पापड वाळत असले की खोलीतला पंखा बंद! १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन हे सुरू केलं, हे मला फार नंतर कळलं. ८२च्या संपात बाबांची गिरणी गेली, तरी आमची फी कधी थकली नाही. (आईची मान मात्र कायमची धरली.)

ऊसवाला
आमच्या नगरकडे सगळे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचं नाव घेतात. विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं, शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केलेला. रास्तच आहे. मी ज्या कारखान्याला ऊस घालतो त्याचं नाव नको. त्याच्याच शाळेत पोरगी शिकली, हे नाकारत नाही. पण उसाचं बिल कायद्यानं १४ दिवसांत यायला हवं, ते चार महिन्यांनी आलं. सभेत विचारलं तर माईक बंद.

माणदेशी पाव्हणी
साताऱ्याकडच्या म्हसवडचं कुणीच लिहिलं नाही? १९९७ साली तिथे बायकांची बँक निघाली. त्याआधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, का तर सभासद बायकांना लिहितावाचता येत नाही. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेकडे गेल्या. व्याज आम्ही तोंडी काढतो, म्हणाल्या. माझ्या मावशीच्या शेळ्या तिथल्याच कर्जाच्या.

दोन शटर
माझं वेल्डिंगचं दुकान. गावाकडनं आलेली पोरं हाताखाली शिकतात. पहिल्या महिन्यात नुसतं ग्राइंडिंग, मग टाका मारायला देतो. एकानं तर शिकून समोरच्याच गल्लीत शटर उघडलं. माझी चार गिऱ्हाइकं गेली, वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. गेल्या दिवाळीत मोठ्या ग्रिलचं काम आलं, एकट्यानं झेपेना. शेवटी मीच त्याच्याकडे गेलो. म्हणाला, "उस्ताद, आधी चहा घ्या."