मदत हवी आहे : फायनाइट मॅथेमॅटिक्समध्ये माझे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही

कॉटनमार्केट_वाणिज्य (धागाकर्ती)
नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून या सत्रात मला फायनाइट मॅथेमॅटिक्स हा प्रास्ताविक विषय घ्यावा लागला आहे. सोमवारी अंतर्गत चाचणी आहे आणि संभाव्यतेच्या प्रकरणातले एकही गणित पुस्तकाच्या उत्तराशी जुळत नाही. उदाहरणादाखल हे पाहावे : एका पेटीत १२ संत्री आहेत, त्यांपैकी ३ खराब आहेत, पेटीतून दोन संत्री काढली, तर दोन्ही चांगली निघण्याची संभाव्यता किती? वर्गात शिकवलेला नियमच मी वापरला आहे, त्यामुळे माझ्या पद्धतीत काही गैर असेल असे वाटत नाही. पुस्तकात छपाईची चूक आहे का, एवढेच कृपया कोणीतरी लवकर सांगावे. पाया पक्का करण्याचे सल्ले नकोत, कारण तेवढा वेळ हाताशी नाही.

वर्धारोड_वरून
छपाईची चूक आहे की नाही हे सांगण्यासाठी पुस्तकात काय छापले आहे ते कळायला हवे, आणि ते आपण लिहिलेले नाही. आपले उत्तर काय आले आणि "वर्गात शिकवलेला नियम" म्हणजे नेमका कोणता, हेही लिहावे. अकरावी-बारावीला गणित होते का, हे कळले तर उत्तर कोणत्या पातळीवरून द्यायचे ते ठरवता येईल.

रामदासपेठ_कोडिंग
हा विषय मी बी.सी.ए.ला शिकलो आहे आणि माझ्या मते संभाव्यतेत वेळ घालवण्यात अर्थ नाही. गुण मिळतात ते ग्राफ थिअरी, ट्रुथ टेबल आणि रिकरन्स रिलेशनमध्ये. ऑयलरने १७३६ मध्ये सोडवलेल्या क्योनिग्सबर्गच्या सात पुलांच्या प्रश्नापासून सुरुवात करावी. ते एकदा समजले की बाकीचे आपोआप सोपे होते. माझ्या टिपणांची फाइल हवी असल्यास पाठवतो.

निवृत्त_प्राध्यापक
वरील प्रतिसाद डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सविषयी आहे. दोन्ही विषय संच आणि मोजणी यांपासून सुरू होत असल्यामुळे ही सरमिसळ नेहमी होते. मात्र डिस्क्रीटचा ओढा संगणकाकडे असतो आणि फायनाइटचा व्यवहाराकडे. फायनाइट मॅथेमॅटिक्स हा अमेरिकी महाविद्यालयांत रुजलेला अभ्यासक्रम आहे. डार्टमथ महाविद्यालयातील जॉन केमेनी, लॉरी स्नेल आणि जेराल्ड थॉम्प्सन यांनी १९५७ मध्ये या विषयाचे पाठ्यपुस्तक काढले, आणि कॅल्क्युलसला हात न लावताही विद्यार्थ्याला आधुनिक गणिताची चांगली ओळख करून देता येते, असा त्यांचा विचार होता. (हेच केमेनी पुढे १९६४ मध्ये थॉमस कर्ट्झ यांच्यासह बेसिक ही संगणकभाषा घडवणारे.) आज या विषयात साधारणपणे मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्या), लिनियर प्रोग्रॅमिंग (बंधने पाळून जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किंमत काढणे), संभाव्यता, मार्कोव्ह साखळ्या (पुढची स्थिती फक्त आताच्या स्थितीवर ठरते अशा बदलांचे गणित) आणि व्याजाचे गणित एवढे असते. त्यामुळे या मुलीला पुलांवरून फिरवण्यात काही हशील नाही.

रामदासपेठ_कोडिंग
सर, माझ्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात संभाव्यताही होती, म्हणून मी लिहिले. ग्राफ थिअरी कोणालाही उपयोगी पडतेच.

कॉटनमार्केट_वाणिज्य
माझे उत्तर ९/१६ आहे आणि पुस्तकाचे ६/११ आहे. नियम म्हणजे गुणाकाराचा. चांगले संत्रे निघण्याची संभाव्यता ९/१२, दुसऱ्यांदाही ९/१२, गुणाकार ८१/१४४, म्हणजे ९/१६. अकरावीत मी गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतले होते, पण त्याचा येथे संबंध काय, हे मला कळले नाही.

वर्धारोड_वरून
संबंध आहे, कारण हे प्रकरण अकरावीच्या वाणिज्य शाखेच्या गणितात येते. पुस्तकाचे उत्तर बरोबर आहे. पहिले संत्रे काढल्यावर आपण ते पेटीत परत ठेवले, असे गृहीत धरून दुसऱ्यांदाही ९/१२ लिहिले आहे. ते परत ठेवले नसेल, तर पेटीत ११ संत्री उरतात आणि त्यांत चांगली ८ असतात. म्हणून ९/१२ गुणिले ८/११, म्हणजे ७२/१३२, म्हणजे ६/११. कळमन्याच्या बाजारात माल तपासणारा अडत्या काढलेले संत्रे परत पेटीत टाकून, पेटी हलवून, डोळे मिटून पुन्हा हात घालत नाही. प्रश्नात "परत ठेवून" असे स्पष्ट लिहिलेले नसेल आणि "दोन संत्री काढली" एवढेच असेल, तर परत ठेवलेले नाही असेच समजावे.

धंतोली_सूत्र
एवढे लांबण लावण्याची गरज नाही. कॉम्बिनेशनचे सूत्र पाठ करावे आणि सरळ वापरावे. ९ मधून २ निवडण्याचे प्रकार ३६, १२ मधून २ निवडण्याचे प्रकार ६६, आणि ३६/६६ म्हणजे ६/११. चाचणीत वेळ कमी असतो आणि विचार करत बसणाऱ्याचा पेपर अपुरा राहतो, हे मी अनेक वर्षे शिकवण्या घेऊन पाहिले आहे.

वर्धारोड_वरून
सूत्र पाठ करणाऱ्याची फसगत कोठे होते, तेही सांगायला हवे. हाच विद्यार्थी अंशात ३६ लिहितो आणि छेदात १२ गुणिले ११, म्हणजे १३२ लिहून ३/११ हे उत्तर काढतो. कारण वर त्याने क्रम सोडून मोजले आणि खाली क्रम धरून मोजले. दोन्हीकडे क्रम धरला तर ७२/१३२, दोन्हीकडे सोडला तर ३६/६६. उत्तर एकच येते. याच कारणासाठी एस.पी. घेतलेल्या विद्यार्थ्याने आधी वृक्षाकृती काढावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या फांदीवर ९/१२ आणि ३/१२, त्यांच्या पुढच्या फांद्यांवर ११ हा छेद. मग परत ठेवले की नाही हा प्रश्न आकृतीच विचारते.

धंतोली_सूत्र
पाच संत्री काढली तर किती फांद्या काढणार? आकृती दोन-तीन टप्प्यांपुरतीच चालते. शिवाय पडताळा सूत्रानेही होतो : दोन्ही चांगली ३६, एक चांगले व एक खराब २७, दोन्ही खराब ३, बेरीज ६६. "किमान एक खराब" असे विचारले, तर १ मधून ६/११ वजा करून ५/११ लिहावे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावे.

महाल_ग्रंथप्रेमी
क्रम धरायचा की सोडायचा, हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतीत अंकपाश नावाचे प्रकरणच आहे. त्यात दहा हातांच्या शंभूने दहा आयुधे आलटून पालटून धरली, तर मूर्तीचे किती प्रकार होतील, असे विचारले असून उत्तर ३६,२८,८०० आहे. चार हातांच्या हरीचे शंख, चक्र, गदा आणि कमळ यांनी २४ प्रकार होतात. धागाकर्तीने मूळ श्लोक आवर्जून वाचावेत.

धंतोली_सूत्र
सोमवारच्या चाचणीत शंभूचे हात विचारणार नाहीत.

निवृत्त_प्राध्यापक
विचारणार नाहीत, पण उदाहरण नेमके आहे. कोणत्या हातात कोणते आयुध हे बदलले की मूर्ती बदलते, म्हणून तेथे क्रम धरावा लागतो. पेटीतून आधी कोणते संत्रे निघाले याने दोघांची जोडी बदलत नाही.

सीए_वाटेवर
ताई, दुसऱ्या वर्षातच सी.ए. फाउंडेशनचा विचार करा. त्यातील तिसरा पेपर क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडचा असून त्यात व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र येते. प्रश्न वस्तुनिष्ठ असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. आपली तयारी आता होतेच आहे, तर नोंदणी करून टाकणे शहाणपणाचे ठरेल.

कॉटनमार्केट_वाणिज्य
मला सी.ए. करायचे नाही आणि तसे मी विचारलेलेही नाही. संत्र्यांचे समजले, त्या प्रकरणातली बाकीची गणितेही आता जुळत आहेत. वर्धारोड आणि धंतोली या दोघांचेही आभार. आता सिम्प्लेक्सचे, म्हणजे लिनियर प्रोग्रॅमिंगची गणिते टप्प्याटप्प्याने तक्ते मांडून सोडवण्याच्या रीतीचे सांगावे. वर्गातील टिपणांत शेवटच्या ओळीत −२ आणि −१ असताना "उत्तर मिळाले" असे लिहून गणित थांबवले आहे. पुस्तकात मात्र शेवटच्या ओळीत ऋण संख्या असेल तोवर पुढे जावे, असे स्वच्छ लिहिले आहे. या वेळी तरी दोघांपैकी एक चूक असलेच पाहिजे.

धंतोली_सूत्र
टिपणे चूक आहेत. ऋण संख्या शिल्लक असताना थांबता येत नाही.

निवृत्त_प्राध्यापक
एवढ्या घाईने निकाल देऊ नये. टिपणांतील त्या ओळीच्या डाव्या बाजूला काय लिहिले आहे, मूळ प्रश्न जास्तीत जास्त काढण्याचा आहे की कमीत कमी, आणि बंधने कोणती आहेत, हे धागाकर्तीने आधी लिहावे.

कॉटनमार्केट_वाणिज्य
डाव्या बाजूला सी जे वजा झेड जे असे आहे (सी जे म्हणजे झेडच्या सूत्रातला त्या चलाचा गुणक, झेड जे म्हणजे त्या चलाच्या स्तंभासाठी तक्त्यातून निघणारी बेरीज). प्रश्न जास्तीत जास्तचा आहे : झेड = ३ क्ष + ५ य. बंधने अशी : क्ष + य हे ४ पेक्षा जास्त नको, क्ष + ३ य हे ६ पेक्षा जास्त नको, आणि दोन्ही चले शून्य किंवा धन. शेवटची ओळ ०, ०, −२, −१ आणि झेड १४. पुस्तकात ती ओळ झेड जे वजा सी जे अशी आहे. हा फरक महत्त्वाचा असेल असे वाटले नव्हते, म्हणून लिहिला नाही.

निवृत्त_प्राध्यापक
सगळा प्रश्न त्या फरकाचाच आहे. एक वजाबाकी दुसरीच्या उलट असल्यामुळे प्रत्येक संख्येचे चिन्ह पालटते. जास्तीत जास्तच्या प्रश्नात सी जे वजा झेड जे लिहिले, तर ओळीत धन संख्या उरली नाही की थांबायचे. झेड जे वजा सी जे लिहिले, तर ऋण संख्या उरली नाही की थांबायचे. आपल्या टिपणांतील ०, ०, −२, −१ ही ओळ पुस्तकाच्या पद्धतीने ०, ०, २, १ अशी होईल आणि पुस्तकही तेथेच थांबेल. दोन्ही बरोबर आहेत. आपल्याकडची ऑपरेशन्स रिसर्चची पुस्तके दोन्ही पद्धती वापरतात. अमेरिकी पुस्तकांत बहुधा उद्दिष्टाचे समीकरण एका बाजूला आणून पहिल्याच तक्त्यात −३ आणि −५ लिहिलेले असते, म्हणून तेथे "ऋण असेल तर पुढे जा" हा नियम दिसतो. जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये ही रीत मांडली. त्यानंतर ती इतक्या हातांतून गेली आहे की चिन्हांबाबत एकवाक्यता शोधण्यात अर्थ नाही.

वर्धारोड_वरून
या प्रश्नात दोनच चले असल्यामुळे आलेखावरून खात्री करता येते. परवानगी असलेल्या क्षेत्राचे कोपरे (०, ०), (४, ०), (३, १) आणि (०, २) असे येतात. तेथे झेडच्या किमती अनुक्रमे ०, १२, १४ आणि १० आहेत. सर्वांत मोठी १४ आहे आणि टिपणांतही तीच आहे.

धंतोली_सूत्र
तीन चले आली की हा आलेख कागदावर काढता येणार नाही, म्हणून तक्ता यायलाच हवा.

वर्धारोड_वरून
तक्ता यायला हवा, यात वाद नाही. मी पडताळ्यासाठी लिहिले आहे.

कॉटनमार्केट_वाणिज्य
मग चाचणीत कोणती पद्धत लिहावी? आणि एस.पी.वाल्यांसाठी एखादे छोटे पुस्तक असल्यास सांगावे, मोठे नको.

निवृत्त_प्राध्यापक
वर्गात शिकवलेली पद्धत लिहावी, कारण उत्तरपत्रिका वर्गात शिकवणारेच तपासणार आहेत. फक्त तक्त्याच्या शेवटच्या ओळीला सी जे वजा झेड जे हे नाव प्रत्येक वेळी द्यावे. पुस्तक विकत घेऊ नये. राज्य मंडळाची अकरावी आणि बारावीची वाणिज्य शाखेची गणिताची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अकरावीच्या पुस्तकांतून संच, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन आणि संभाव्यता एवढीच प्रकरणे पाहावीत. बारावीच्या पुस्तकांतून मॅट्रिक्स, अॅन्युइटी (ठरावीक काळाने भरायच्या किंवा मिळायच्या हप्त्यांचे गणित) आणि लिनियर प्रोग्रॅमिंग पाहावे. तेथे लिनियर प्रोग्रॅमिंग आलेखानेच सोडवलेले आहे, सिम्प्लेक्स नाही. त्यासाठी वर्गातील टिपणांवरच भिस्त ठेवावी लागेल. मार्कोव्ह साखळ्या चाचणीत आहेत का, हे आपण लिहिलेले नाही.

कॉटनमार्केट_वाणिज्य
आहेत. ट्रान्झिशन मॅट्रिक्सच्या (एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याच्या संभाव्यतांच्या तक्त्याच्या) प्रत्येक ओळीची बेरीज १ यावी असे टिपणांत आहे आणि पुस्तकात प्रत्येक स्तंभाची.

निवृत्त_प्राध्यापक
टिपणांत सद्यस्थितीची मॅट्रिक्स आडवी लिहून ट्रान्झिशन मॅट्रिक्सच्या डावीकडे ठेवली आहे का, आणि पुस्तकात ती उभी लिहून उजवीकडे ठेवली आहे का, ते पाहून कळवावे. तसे असल्यास येथेही दोघे बरोबर आहेत.